घरातला ब्रेड संपवण्याचा चार दिवसांचा कार्यक्रम

सोमवार, १ फेब्रुवारी. सकाळी ६.४०

नवी वही. ऑफिसची आहे, पण मागची पानं कोरी होती.

घरातला ब्रेड मोजला. फ्रीजरमध्ये अकरा पाकिटं, फ्रीजच्या खालच्या दोन कप्प्यांत नऊ, ओट्याखाली सहा, मुलीच्या पलंगावर आठ. एकूण चौतीस. खाणारी माणसं एक.

बायको आणि मुलगी काल संध्याकाळी मेहुण्याकडे गेल्या. हवापालटाला. मेहुण्याचं घर बसने पंचवीस मिनिटांवर आहे, हवा साधारण इथलीच, पण बदल तो बदल. निमित्त उंदराचं झालं. तो मुलीच्या दप्तरातून निघाला, आणि निघाला तो नेमका शाळेत, भर वर्गात. आता वर्गातली मुलं तिला उंदीरमामी म्हणतात. मुलांचं काय, आठ दिवसांत विसरतात. पण बायकोने फारच मनाला लावून घेतलं. जाताना म्हणाली, घरात ब्रेडचा एक तुकडाही उरलेला नसेल त्या दिवशी फोन कर, त्याआधी करू नकोस. आणि फेकून मोकळा होऊ नकोस, अन्न आहे ते. आणलंस तू, संपवायचंही तूच.

अट सोपी आहे. रोज आठ पाकिटं धरली तर चार दिवस आणि थोडा नाश्ता. शुक्रवारी सकाळी फोन. शनिवारी दोघी घरी. रविवारी या सगळ्यावर हसू.

संध्याकाळी ७

दिवसभरात संपले: सात स्लाइस. पहिला दिवस आहे, पोटाला सवय नाही.

आज येताना सहा पाकिटं आणली. ती वरच्या हिशोबात धरलेली नाहीत, कारण ती कालच्याच तारखेची आहेत. माझा कार्यक्रम शिळ्या ब्रेडचा आहे.

मंगळवार, २ फेब्रुवारी

वेळापत्रक करून फ्रीजवर लावलं. सकाळी टोस्ट, दहाला टोस्ट, डब्यात सँडविच, चारला दुधात बुडवून, रात्री सूपमध्ये तुकडे. वेळापत्रक लिहायला सव्वा तास लागला, त्यामुळे सकाळचा टोस्ट राहिला.

सँडविचच्या आत काय घालायचं हे वेळापत्रकात नव्हतं. दोन स्लाइसच्या मध्ये तिसरी घातली. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्टबाईंनी विचारलं की हे काय. सांगितलं, डाएट. त्या म्हणाल्या, घरी सगळं ठीक आहे ना? म्हटलं, उत्तम.

संपलं: एक पाकीट, कडा सोडून. कडा वेगळ्या डब्यात ठेवल्या आहेत. आणली: सात.

बुधवार, ३ फेब्रुवारी

मी काय काम करतो ते एकदा लिहून ठेवतो. माणसाने आपल्या कामाबद्दल स्पष्ट असावं.

मी ब्रेडच्या कारखान्यात अंदाज-विभागात आहे. विभागात मी एकटाच आहे. आपल्या नऊ दुकानांना उद्या किती पाकिटं लागतील याचा तक्ता रोज बाराच्या आत करायचा आणि भट्टीच्या मिस्त्रीकडे द्यायचा. संध्याकाळी चारला व्हॅन परत येतात आणि न खपलेला माल उतरवतात. तो मोजायचा आणि परतीच्या रजिस्टरमध्ये लिहायचा. परती जितकी कमी तितका अंदाज अचूक, असं साधं गणित. माझं रजिस्टर बघण्यासारखं आहे. दोन वर्षांत आकडा एकदाही दहाच्या वर गेलेला नाही. परवा साहेब माझ्या टेबलाजवळून जाताना म्हणाले, चालू दे. साहेब कमी बोलतात, पण कौतुक लपत नाही.

आता कधीकधी व्हॅनमधून चौदा-पंधरा पाकिटं उतरतात. कधीकधी म्हणजे रोज. हा अंदाजाचा दोष नाही, गिऱ्हाइकांचा आहे. ती सगळी रजिस्टरमध्ये लिहून साहेबांच्या डोक्याला ताप कशाला? वरची पाच-सात मी मोजण्याआधीच बाजूला काढतो आणि पिशवीत घालून घरी आणतो. एरवी परतीचा माल शनिवारी पशुखाद्यवाल्याच्या ट्रकमध्ये जातो. म्हणजे मी नेतो तेवढा ब्रेड निदान माणसांच्या तोंडी लागतो. गेटवरचा मिशीवाला वॉचमन मला रोज सलाम करतो. त्याला कळतं माणूस कोण आहे ते.

बायकोला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं कारखाना स्टाफला फुकट वाटतो. ऑफिसातल्या गोष्टी घरी आणू नयेत, असं माझं तत्त्व आहे.

आणली: पाच. आज कमी आणली हे लक्षात घ्यावं.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

आज फोन करायचा दिवस होता. केला नाही. घाई बरी नव्हे.

एक मोठी गोष्ट लक्षात आली. ब्रेड नुसता खाऊन संपत नाही, त्याचं रूपांतर करावं लागतं. सकाळी सहा पाकिटांचं पुडिंग केलं. दूध, साखर, अंडी घातली. सगळं मिळून इतकं फुगेल याची कल्पना नव्हती. कढई पुरली नाही म्हणून बादली घेतली. धुतलेली. आता अकरा वाडगे, दोन पातेली आणि कुकरचं भांडं भरून पुडिंग आहे. फ्रीजमध्ये जागा करण्यासाठी ब्रेड बाहेर काढावा लागला.

संध्याकाळी आणखी चार पाकिटं वाळवून मिक्सरमधून चुरा काढला. पाच बरण्या. घरात बारीक पिवळसर धूळ पसरली आहे आणि शिंका येतात. पण पाकिटं मात्र दहा कमी झाली! एका दिवसात!

कालची आठ आणि आजची सहा आणली, ती वेगळी.

शनिवार, ६ फेब्रुवारी

मेहुण्याकडे फोन केला. बायकोला नव्हे, मुलीला, म्हणजे अट मोडली नाही. सहज विचारल्यासारखं विचारलं की समजा एखाद्या माणसाने ब्रेडचं पुडिंग केलं, तर तो ब्रेड धरायचा की पुडिंग? ती म्हणाली, थांबा बाबा, आईला विचारते. मी नको नको म्हणेपर्यंत गेली. परत येऊन म्हणाली, आई म्हणते ब्रेडच धरायचा, आणि चुरासुद्धा. चुऱ्याबद्दल मी एक अक्षर बोललो नव्हतो. सतरा वर्षांच्या संसारात या बाईला न सांगता काय काय कळतं याचा अंदाज मला अजून आलेला नाही.

मग मुलगी म्हणाली की ती मामाकडे हॉलमध्ये सोफ्यावर झोपते आणि पाय बाहेर येतात. विचारलं, तुझ्या पलंगावर काय आणून देऊ? ती म्हणाली, काही आणू नका बाबा, जे आहे ते काढा.

आणली: चार.

रविवार, ७ फेब्रुवारी

वाटून टाकणे म्हणजे फेकणे नव्हे. सकाळी वरच्या मजल्यावरच्या काकूंना तीन पाकिटं नेऊन दिली. काकू एकट्या राहतात, डोळे पाणावले त्यांचे. म्हणाल्या, हल्ली कोण कुणाची इतकी आठवण ठेवतं?

दुपारी चारला दार वाजलं. काकू. हातात मोठा पत्र्याचा डबा. म्हणाल्या, तुमचा ब्रेड जरा शिळा होता, म्हणून भाजून तूप लावून कडक टोस्ट केले, माझ्याकडचं एक पाकीट पडून होतं तेही घातलं, बायको घरी नाही, तुमचे हाल होत असतील, घ्या. तीन दिली, चार परत आली. एवढी परती तर कारखान्यातही नसते.

एकूण: छप्पन, शिवाय चुरा, पुडिंग आणि काकू.

सोमवार, ८ फेब्रुवारी

बोर्डावर नोटीस. आजपासून रोज वीस पाकिटं जास्त भाजणार.

आधी छाती फुगली. हे माझ्या रजिस्टरचं फळ. परती कमी दिसते, म्हणजे माल खपतो, म्हणजे आणखी भाजा. साहेबांनी माझ्या शब्दावर भट्टी वाढवली! टायपिस्टबाईंना सांगितलंही, बघा, आकड्यांची ताकद.

चारला व्हॅन आल्या तेव्हा ताकद कळली. एकतीस पाकिटं परत. रजिस्टरमध्ये नऊ लिहिली. बावीस दोन पिशव्यांत भरून स्कूटरला अडकवली. वळणावर एक पिशवी सुटली आणि भर रस्त्यात ब्रेड पसरला. मागच्या रिक्षावाल्याने थांबून वेचायला मदत केली आणि विचारलं, दुकान आहे का? हो म्हणून सांगितलं.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

आणली: एकोणीस. खाल्ले: काकूंचे नऊ टोस्ट, पुडिंगचे दोन वाडगे. पुडिंगला वास येतोय. फार नाही, दार उघडल्यावर.

ठरवलं होतं की आज तक्त्यात सगळ्या दुकानांचा आकडा कमी धरायचा. धरला. तरी एकोणतीस परत आली. कसं शक्य आहे? दुकानदार मुद्दाम करतात असा संशय आहे.

गुरुवार, ११ फेब्रुवारी

सकाळी काकूंचा टोस्ट चावताना कट्ट आवाज झाला. आधी वाटलं टोस्ट तुटला. टोस्ट शाबूत होता. उजवीकडची दाढ उभी चिरली होती.

या भागात दातांचा दवाखाना एकच, आणि त्याच्या काउंटरवर बायको बसते. दुसरीकडे जाता आलं असतं, पण मी विचार केला, भेट होईल, तेही मी हात जोडून आलो असं न दिसता. वैद्यकीय कारण आहे. गाल धरून गेलो.

तिने वर पाहिलं. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. नाव विचारलं. सांगितलं. वय विचारलं. तक्रार काय ते विचारलं. दाढ, म्हटलं. काय खाताना तुटली? मी म्हटलं, गाजर. ती माझ्या शर्टाकडे बघत राहिली. शर्टावर चुरा होता. तिने फॉर्मवर काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, बसा. मला बसा म्हणाली! पेशंटला म्हणतात तसं.

रांगेत पाऊण तास बसलो. तिला पाण्याची बाटली उघडता आली नाही की ती माझ्याकडे द्यायची, इतकी वर्षं. आज शेजारच्या कंपाउंडरकडे दिली. मला काहीही वाटलं नाही. बाटली नवीन प्रकारची असेल.

डॉक्टरांनी दाढ काढली आणि बजावलं, चार दिवस कडक काही नको, मऊ खा, दुधात ब्रेड भिजवून वगैरे. मी काउंटरकडे वळून बघितलं. म्हणजे बघा, डॉक्टरांचंही म्हणणं आहे! तिने पेन खाली ठेवलं आणि आतल्या खोलीत निघून गेली. बाहेर येईपर्यंत थांबलो असतो, पण तोंडातून रक्त येत होतं.

आणली: एकवीस. एका हाताने गाल धरल्यामुळे दोन फेऱ्या झाल्या.

रविवार, १४ फेब्रुवारी

मुलीचा फोन. कुजबुजत बोलत होती. म्हणाली, बाबा, मामी इथल्या शाळेत चौकशी करून आली, फॉर्म आणलाय, आई पुढच्या रविवारी घरी येऊन बघणार आहे, आणि ब्रेड असला तर फॉर्म सोमवारी देणार. मग म्हणाली, मला ही शाळा नकोय असं नाही, इथे कुणी उंदीरमामी म्हणणार नाही. आणि लगेच विचारलं, पण तुम्ही तिकडे एकटे कसे राहाल?

फोन ठेवला.

दोनदा मोजली. एकशे एकोणपन्नास पाकिटं. बाथरूमच्या माळ्यावर, सोफ्याखाली, कपाटात बायकोच्या साड्यांच्या रिकाम्या जागी. काहींवर हिरवे ठिपके. ठिपके कापून बाजूला केले, आता ठिपक्यांचा वेगळा डबा झाला आहे. काय करू? सहा दिवस. रोज पंचवीस. अशक्य नाही. अशक्य नाही. अशक्य आहे.

सोमवार, १५ फेब्रुवारी

आज खरं लिहायचं ठरवलं. फक्त आजच्यापुरतं. चारला तीस परत आली. पेन उघडलं, तीन लिहिला, पुढे शून्य काढणार एवढ्यात साहेब मागून गेले. म्हणाले, काय, बरं आहे ना? पेन बंद करून बरं आहे म्हटलं. शून्य काढलंच नाही. रजिस्टरमध्ये आज परती तीन. म्हणजे सत्तावीस घरी.

दोन वर्षांत इतकी कमी परती कधीच नव्हती. साहेब खूश होऊन आणखी वाढवतील. हात कापून टाकावासा वाटतो.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

गच्चीवर कबुतरांना घातला. पन्नासेक आली. खाऊन उडून न जाता माझ्याकडे बघत बसली. बहुतेक तीही डायरी लिहीत असावीत.

खालच्या मजल्यावरच्या वकिलांनी वर येऊन सांगितलं, वाळत घातलेले कपडे खराब झाले, पुन्हा झालं तर लेखी देईन. उरलेल्या कडा गोळा करून परत आणल्या. कबुतरंही कडा सोडतात.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

तीन दिवस फक्त ब्रेड. दुधात, पाण्यात, शेवटी काहीच न लावता. भूक आहे पण घास आत जात नाही. पँटचं बटण लागत नाही आणि तोंड मात्र आत गेलंय. टायपिस्टबाईंनी डब्यातला भात पुढे केला. डोळ्यात पाणी आलं. त्यांना वाटलं बायकोची आठवण झाली. भाताची झाली होती. नाही, बायकोची झाली. दोन्ही.

दुपारी बायकोच्या दवाखान्यासमोरून स्कूटर नेली. थांबलो नाही. काचेतून ती दिसली, फोनवर कुणाला तरी वेळ देत होती. सोमवारी साडेदहा, असं ओठांवरून वाटलं. सोमवारी साडेदहाला शाळेत फॉर्म घेत असतील का?

शुक्रवार, १९ फेब्रुवारी

सुचलं. सुचलं! इतके दिवस मी मूर्खासारखा ब्रेड खात बसलो. उद्या शनिवार, पशुखाद्यवाल्याचा ट्रक येणार. घरातला सगळा ब्रेड कारखान्यात न्यायचा, परतीच्या ढिगात मिसळायचा, ट्रक भरला की संपलं. फेकला नाही, जनावरांनी खाल्ला. घर रिकामं. रजिस्टर जसंच्या तसं. कुणाला काही कळायचं कारण नाही.

टेम्पो ठरवला. टेम्पोवाला म्हणाला, काय शिफ्टिंग आहे का? म्हटलं, हो, एका दिवसापुरतं.

शनिवार, २० फेब्रुवारी

आज जे झालं ते झालं तसं लिहितो. डोकं चालत नाहीये.

सकाळी सातला टेम्पो भरला. दोनशे अडतीस पाकिटं, चुऱ्याच्या अकरा बरण्या, कडांचे तीन डबे, काकूंचा डबा, पुडिंगची बादली. साडेसातला कारखान्याच्या गेटवर. वॉचमनने नेहमीप्रमाणे सलाम केला. मी नेहमीप्रमाणे मान हलवली. टेम्पो आत जाणार तेवढ्यात त्याने हात आडवा धरला आणि म्हणाला, थांबा, आत येणाऱ्या मालाची नोंद करावी लागेल.

म्हटलं, नोंद कसली, आपलाच माल आहे. तो म्हणाला, माहीत आहे, म्हणूनच. केबिनमध्ये गेला आणि एक जाडजूड रजिस्टर घेऊन आला. टेबलावर उघडलं. एक फेब्रुवारी, अंदाज-विभाग, सहा पाकिटं बाहेर. दोन फेब्रुवारी, सात. तीन तारीख, पाच. आठ तारीख, बावीस, कंसात, दोन पिशव्या, एक फाटकी. त्याने मागची पानं उलटली. दोन वर्षांपूर्वीपासून रोजचं. एकही दिवस चुकलेला नाही. माझं रजिस्टर बघण्यासारखं आहे असं मी म्हणायचो. हे खरं बघण्यासारखं होतं.

विचारलं, साहेबांना दाखवता का हे? तो म्हणाला, दर महिन्याला सही असते की त्यांची. आणि प्रत्येक ओळीसमोर टिक करायला लागला. मागे व्हॅन अडकल्या, हॉर्न सुरू झाले. टेम्पोवाला शिव्या घालायला लागला. मिस्त्री, पॅकिंगच्या बाया, टायपिस्टबाई, सगळे गेटवर. आणि मग साहेब.

साहेबांनी टेम्पोत डोकावून पाहिलं, पुडिंगच्या बादलीवरचं झाकण उचललं, लगेच ठेवलं, आणि फार हळुवार आवाजात विचारलं, अहो, कोंबड्या मेल्या का तुमच्या?

मला कळेना. ते म्हणाले, आम्हाला वाटायचं तुम्ही कोंबड्या पाळता. इतका ब्रेड माणूस कशाला नेईल? वॉचमन विचारत होता अडवू का म्हणून. मी म्हटलं, नेऊ दे, तेवढा ट्रकचा भार कमी.

मग मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. परती मी लपवतो. माझे अंदाज रोज चुकतात. आकडा दिसू नये म्हणून माल घरी नेतो. माझ्या खोट्या आकड्यांमुळे तुम्ही भट्टी वाढवली. माझी बायको गेली, मुलीला वर्गात उंदीरमामी म्हणतात. मला काढून टाका.

साहेबांनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने मान खाजवली. म्हणाला, साहेब, भट्टी बदलली म्हणून वीस वाढले. जुनीत तीनशे बसायचे, नवीत तीनशे वीस बसतात. अर्धी भट्टी पेटवता येत नाही ना. जेवढे निघतात तेवढे व्हॅनवाले घेऊन जातात, नऊ दुकानांत सारखे वाटतात.

विचारलं, आणि माझा तक्ता?

मिस्त्री म्हणाला, तो ट्रेखाली अंथरतो. कागद चांगला जाड असतो.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी एवढंच विचारलं की म्हणजे माझ्या आकड्याप्रमाणे माल कधी गेलाच नाही का? मिस्त्री म्हणाला, कधीच नाही. म्हणजे माझे अंदाज बरोबर होते की चूक, हे आता कुणालाच कळणार नाही. मलाही नाही.

साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. काढत नाही म्हणाले. तक्ता करत राहा म्हणाले. मिस्त्रीला कागद लागतो.

ट्रक दहाला गेला. बरण्यांसकट.

रविवार, २१ फेब्रुवारी. दुपारी

सकाळी घर पुसलं. कोपऱ्यातला चुरा सुईने काढला. मुलीच्या पलंगावर धुतलेली चादर घातली.

अकराला दोघी आल्या. मुलगी सरळ खोलीत गेली, पलंगावर आडवी झाली, हातपाय पसरले आणि तशीच पडून राहिली. बायकोने फ्रीजर उघडला, खालचे कप्पे, ओट्याखाली, सोफ्याखाली, माळा. स्टूल तिने स्वतः ओढलं. मी धरायला गेलो तर नको म्हणाली. कपाटात तिच्या साड्यांची रिकामी जागा बघितली. काहीही नव्हतं.

मग खुर्चीवर बसली आणि विचारलं, कसा संपवलास?

उत्तर तयार होतं. नियोजन, रूपांतर, वाटप, अशा तीन मुद्द्यांत रात्री पाठ केलं होतं. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. तक्ता, परती, पिशव्या, वॉचमन, कोंबड्या, मिस्त्री, ट्रे. सगळं. दाढेच्या जागी जीभ अडखळत होती. गाजर नव्हतं, टोस्ट होता, हेही सांगितलं. ते माहीत आहे म्हणाली.

मग म्हणाली, वॉचमनला माहीत होतं. साहेबांना माहीत होतं. पॅकिंगच्या बायांनाही माहीत असेल. दोन वर्षं तू रोज घाबरून घरी यायचास, आणि ते फक्त मला, घरच्या माणसाला, माहीत नव्हतं. मी ब्रेड मोजत बसले.



मुलीला हाक मारायला गेली तर ती झोपली होती. तिला तासभर झोपू दिलं. आम्ही दोघं समोरासमोर बसलो. चहा ठेवला, बरोबर खायला घरात काहीच नव्हतं. निघताना तिने पर्समधून शाळेचा फॉर्म काढून पाहिला, भरलेला होता, आणि पुन्हा आत ठेवला. फाडला नाही. दाराशी मी विचारलं, कधी येशील?

ती चप्पल घालत होती. वर न बघता म्हणाली, तुझा काय अंदाज?

दोन वर्षं रोज नऊ दुकानांचे अंदाज लिहिले. बुधवार म्हणणार होतो. जिभेवर आलं होतं. म्हटलं, मला अंदाज येत नाही.

तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, बरं. मुलीचा हात धरला आणि जिना उतरून गेली.

ते 'बरं' कोणत्या सुरात होतं, त्याचा अर्थ काय, त्यावरून कोणता वार धरायचा, यावर इथे अर्धं पान लिहिलं होतं. खोडलं.